डिझेल स्विफ्टचं रीमॅपिंग: २५ हजारांत नेमकं काय मिळतं?

"दादा, पंच्याहत्तरची पंच्यान्नव होते म्हनते, अन् अ‍ॅव्हरेज बी वाढते. करून टाकू का?"

मे महिन्यात गोंडपिपरीला गेलो होतो, तेव्हा मामेभावाने हा प्रश्न टाकला. सोबत इन्स्टावरची रील होती. लॅपटॉप गाडीला जोडलेला, स्क्रीनवर रंगीत आलेख, मग सुसाट सुटलेली पांढरी स्विफ्ट आणि शेवटी किंमत, २५ हजार. त्याच्याकडे २०१४ ची सेकंडहँड डिझेल स्विफ्ट आहे. आठवड्यातून तीनदा कोठारी, बल्लारपूर करत चंद्रपूरला जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्या रस्त्यावर पुढे लोखंडाचं खनिज भरलेला ट्रक आला की ओव्हरटेकसाठी जीव मुठीत धरावा लागतो. पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करत बसते, मग एकदम पळते. हा 'विचार' रीमॅपने जातो, असं त्याला सांगितलं गेलं होतं.

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दोन दिवस गाडी घेऊन फिरलो, मोबाईलवर आकडे गोळा केले, आणि परत आल्यावर जरा खोलात वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

हा प्रश्न आत्ताच का वर आलाय, ते आधी बघू. नवी लहान डिझेल गाडी बाजारात जवळजवळ उरलेलीच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तसं त्यांनी वर्षभर आधी जाहीरच केलं होतं. हॅचबॅकमध्ये आता नवीकोरी डिझेल घ्यायची तर टाटा अल्ट्रोझ ही एकच गाडी उरते. दुसरीकडे २०२५ मध्ये पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवरून जो गदारोळ झाला, त्यानंतर 'जुनी डिझेल बरी' म्हणणारे बरेच झाले. म्हणजे मागणी आहे आणि नवा माल नाही. मग आहे तीच दहा वर्षांची गाडी तरुण करून वापरायची, आणि तरुण करण्याचा सगळ्यात स्वस्त वाटणारा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर.

ज्या इंजिनाबद्दल आपण बोलतोय ते तर आपल्या ओळखीचं आहे. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, १२४८ सीसी. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटा व्हिस्टा, फियाट पुंटो, लिनिया, सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच. गाडीवेड्या लोकांनी त्याला 'नॅशनल इंजिन' असं नावच पाडलं होतं. यातली बरीच इंजिनं पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात बनली. मारुतीची स्वतःची क्षमता मागणीला पुरेना, तेव्हा २०१२ मध्ये तिने रांजणगावहून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा करार केला होता. त्यामुळे महाराष्ट्रात रीमॅपची चर्चा म्हणजे दहातल्या सहा-सात वेळा याच इंजिनाची चर्चा असते, असा माझा अंदाज आहे.

फाईलमध्ये असतं काय?

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी स्पार्क प्लगची भानगड नसते. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा मारायचा. तो फवारा कधी मारायचा, किती मारायचा, किती दाबाने मारायचा, हे ठरवतो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर. ठरवण्यासाठी त्याच्याकडे तक्ते असतात. आडवे इंजिनाचे फेरे, उभा तुमच्या पायाचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. असे शेकडो तक्ते. यांनाच 'मॅप' म्हणतात, आणि ते आकडे बदलणं म्हणजे रीमॅप.

आता यातले काही तक्ते 'किती द्यायचं' हे सांगतात, तर काही 'यापुढे जायचं नाही' हे सांगतात. हे दुसऱ्या प्रकारचे तक्ते महत्त्वाचे आहेत. टॉर्क लिमिटर म्हणतो, क्लच आणि गिअरबॉक्स एवढंच सोसेल. स्मोक लिमिटर म्हणतो, आत आलेल्या हवेत एवढंच डिझेल पूर्ण जळेल, त्याहून जास्त मारलं तर काळा धूर. टर्बोच्या दाबावर मर्यादा असते, रेलमधल्या दाबावर असते. या इंजिनात इंजेक्टरपाशी डिझेल १,४०० ते १,६०० बारने दाबलेलं असतं. आपल्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, त्यावरून कल्पना करा.

रीमॅप करणारा मुख्यतः या मर्यादाच वर सरकवतो. थोडं जास्त डिझेल, थोडा जास्त बूस्ट, थोडं आधी इंजेक्शन. एवढं केलं की गाडीला खरोखर ताकद येते. यात फसवणूक नाही. टर्बो डिझेलमध्ये कंपनीने बरंच राखून ठेवलेलं असतं, कारण तिला तीच गाडी लेहलाही विकायची असते आणि चेन्नईलाही, सर्व्हिसिंग चुकवणाऱ्यालाही आणि भेसळीचं डिझेल भरणाऱ्यालाही. शिवाय वॉरंटी द्यायची असते.

पण राखून ठेवलेलं किती? याचं उत्तर शोधायला एक सोपी तुलना आहे. स्विफ्टमधलं मल्टिजेट ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. हेच इंजिन मारुतीने एसएक्स-४ आणि एर्टिगामध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटरचं करून दिलं. पण त्यासाठी टर्बो बदलला. साध्या टर्बोच्या जागी पाती हलवू शकणारा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो बसवला, हवा थंड करायला इंटरकूलर दिला. एवढा लोखंडी बदल करून कंपनीने १५ पीएस आणि १० न्यूटन-मीटर वाढवले. रील म्हणते, आम्ही एकही नट न हलवता २० पीएस आणि ५० न्यूटन-मीटर वाढवतो. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसेल, तर फरक एवढाच की कंपनीने ठेवलेलं अंतर रीमॅपवाल्याने खर्च केलं. तुम्ही विकत घेताय ती ताकद तुमच्याच गाडीच्या राखीव साठ्यातली आहे.

अ‍ॅव्हरेज वाढल्याचं कोण सांगतं?

ताकदीसाठी पैसे मोजणारे शहरात असतील. गोंडपिपरीत कोणी २५ हजार काढून देतं ते अ‍ॅव्हरेजच्या नावावर. म्हणून हिशोब इथेच करू.

मामेभावाची गाडी वर्षाला साधारण १५ हजार किलोमीटर चालते. अ‍ॅव्हरेज २० चं धरू आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू, गणित सोपं पडतं. वर्षाला ७५० लिटर, म्हणजे ६७,५०० रुपये. रीमॅपने ५ टक्के अ‍ॅव्हरेज वाढलं, तर २० चे २१ झाले. आता लागतील ७१४ लिटर. वाचले ३६ लिटर, साधारण ३,२०० रुपये. २५ हजार वसूल व्हायला पावणेआठ वर्षं. रीलमध्ये म्हणतात तसं १० टक्के वाढलं असं मानलं, तरी बचत ६,१०० च्या आसपास, म्हणजे चार वर्षं. गाडी आत्ताच ११ वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी तिची नोंदणी नव्याने करावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. हिशोब अगदी काठावर जाऊन बसतो, आणि तोही मधे क्लच गेला नाही तर.

पण मुळात ५ टक्के तरी वाढतं का? "दादा, स्क्रीनवर दिसते ना," तो म्हणाला. मित्राच्या गाडीत त्याने बघितलं होतं. रीमॅपनंतर डॅशबोर्डवर १९ च्या जागी २२ दिसत होते.

इथेच खरी गंमत आहे. डॅशबोर्डवरचा आकडा कुठून येतो? टाकीत काही मोजमाप बसवलेलं नसतं. ईसीयूने प्रत्येक फवाऱ्यात किती डिझेल मारायला सांगितलं, त्याची बेरीज करून तो आकडा बनतो. म्हणजे ज्या तक्त्यांत बदल केला, त्याच तक्त्यांच्या भरवशावर तो आकडा उभा आहे.

'ट्यूनिंग बॉक्स' नावाचा स्वस्त प्रकार असतो, त्यात तर हे आणखी ढळढळीत आहे. ही डबी रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसते. रेलमध्ये दाब १,२०० बार असला तर ती ईसीयूला ११०० सांगते. ईसीयू बिचारा विचार करतो, दाब कमी पडतोय, वाढवा. दाब वाढतो, तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं, गाडी पळते. पण ईसीयूच्या वहीत अजून जुनंच, कमी डिझेल लिहिलं जातंय. त्यामुळे स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसतं आणि पंपावर बिलही वाढलेलं दिसतं. ज्याला खोटं सांगितलं त्यालाच साक्षीला उभं केलं, अशातली गत.

नीट केलेल्या रीमॅपमध्ये हा घोळ कमी असतो, पण त्यातही काही जण अ‍ॅव्हरेज मोजायचा गुणांकच बदलून देतात. म्हणून खात्रीची पद्धत एकच, आजोबांच्या काळची. एकाच पंपावर, एकाच नोझलने, ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा. ओडोमीटरचा फोटो काढा. चारेकशे किलोमीटर चालवा, परत तिथेच तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार टाक्यांची सरासरी काढा. मोबाईलच्या नोट्समध्ये मावेल एवढं काम आहे हे.

खरं सांगायचं तर अ‍ॅव्हरेज वाढायला थोडीशी शास्त्रीय जागा आहे. डिझेलचं इंजेक्शन किंचित आधी केलं की ज्वलनाचा दाब पिस्टनला जास्त नेमका मिळतो आणि तेवढ्याच डिझेलात थोडं जास्त काम होतं. मग कंपनी ते का करत नाही? कारण तसं केलं की आतलं तापमान वाढतं आणि नायट्रोजनचे ऑक्साईड, म्हणजे नॉक्स, जास्त तयार होतात. त्यावर मर्यादा आहे. म्हणजे वाचलेल्या त्या दोन-तीन टक्क्यांची किंमत कोणीतरी फुफ्फुसाने भरतं.

जगातला सगळ्यात गाजलेला रीमॅप

नॉक्सवरून आठवलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला पकडलं. गाडीच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपली चाचणी सुरू आहे. तेवढ्यापुरते सभ्य तक्ते, आणि रस्त्यावर आलं की दुसरे. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. मग आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने त्या इंजिनांच्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या, तर प्रदूषण बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. यात फोक्सवॅगनसोबत स्कोडा आणि ऑडीही होत्या. पुढे मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने दोनच महिन्यांत त्या कारवाईला स्थगिती दिली.

हे सगळं इथे सांगायचं कारण वेगळं आहे. परत बोलावलेल्या त्या गाड्यांवर उपाय काय होता? मुख्यतः सॉफ्टवेअर अपडेट. म्हणजे कंपनीनेच केलेला रीमॅप, फक्त उलट्या दिशेचा. त्यानंतर 'गाडी मंदावली, डिझेल जास्त पिते' अशा तक्रारी जगभरातल्या मालकांनी केल्या. ताकद, अ‍ॅव्हरेज आणि धूर या तीन घागरी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत, एक वर ओढली की दुसरी खाली जाते. कंपनीचे हजार इंजिनिअर ज्या दोरीत अडकले, ती एखाद्या गल्लीतल्या लॅपटॉपने सोडवली असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

४६ डिग्रीत तीच फाईल

गोंडपिपरीचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे, जो पुण्या-बेंगळुरूच्या व्हिडिओंत येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ ला सहज टेकतो. हवा तापली की विरळ होते. १५ डिग्रीला जेवढी हवा आत जाते, त्यापेक्षा ४७ डिग्रीला साधारण १० टक्के कमी जाते. हवा कमी, म्हणजे डिझेलही कमी द्यायला हवं. मूळ फाईल तसं करते, स्मोक लिमिटर असतोच त्यासाठी. तो लिमिटर वर सरकवलेला असेल, तर डिझेल तेवढंच येतं, हवा मात्र अपुरी असते. काळा धूर, काजळी, आणि एक्झॉस्ट जास्त तापलेला. टर्बोचं चाक त्याच तापलेल्या वाटेत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत फिरत असतं आणि त्याला वाचवायला असतो तो फक्त इंजिन ऑइलचा पातळ थर. ते ऑइल मामेभाऊ कधी बदलतो, हे मी विचारलं. "मागच्या दिवाळीत बदललं होतं बहुतेक." बहुतेक!

दुसरा बळी क्लचचा. १९० न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या प्लेटला २४० मिळू लागले, तर ती नवी असली तर काही दिवस सांभाळेल. ८०-९० हजार किलोमीटर झालेली असेल, तर चौथ्या-पाचव्या गिअरला जोरात पाय दिला की इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग तिथेच राहतो. क्लच घसरतोय. त्याच्या कामाला दहा-पंधरा हजार कुठे गेले नाहीत. टर्बो गेला तर रीमॅपपेक्षा जास्तच. मूळ २५ हजारांच्या बिलात हे कोणी लिहून देत नाही.

एका ओळखीच्या माणसाने त्याच्या गाडीचा रीमॅप करून घेतला होता. सहा महिन्यांनी गाडी लिम्प मोडमध्ये जायला लागली, म्हणजे ईसीयू घाबरून ताकद कमी करून टाकतो तो प्रकार. ज्याने फाईल टाकली तो फोन उचलेना. मूळ फाईलची प्रत याच्याकडे नव्हती. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं, ईसीयूच बदला. त्याने गाडी विकली. घेणाऱ्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात मालकाने परवानगीबाहेरचा बदल केला तर दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नव्या आरसीवर पॉवरचा रकानाही असतो, त्यामुळे 'आम्ही बाहेरून काहीच बदललं नाही' हा युक्तिवाद टिकायला कठीण.

आता प्रामाणिकपणे बोलू. बल्लारपूरच्या नाक्यावर कोणी तुमचा ईसीयू उघडून बघणार नाही. पीयूसीतही बहुधा पास व्हाल. बीएस-४ डिझेलसाठी धुराची मर्यादा १.६२ आहे, पण ती चाचणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये पाय दाबून होते. तेव्हा इंजिनावर भार नसतो, टर्बो पूर्ण दाब देतच नाही. रीमॅपचा धूर निघतो तो चढावर, चार माणसं बसलेली असताना, ओव्हरटेकच्या वेळी. म्हणून 'पीयूसी पास आहे' याने फारसं काही सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न मोठ्या अपघातानंतर येतो. रीमॅप हा बदल आहे आणि तो विमा कंपनीला कळवायला हवा. कळवला नसेल तर क्लेम अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं. आणि कोठारीच्या जंगलातला तो रस्ता काही सरळसोट नाही. रात्री रानडुक्कर आडवं येतं, कधी नीलगाय, कधी आणखी कोणी. बाजूला कान्हारगावचं अभयारण्य आहे. इंजिनाची ताकद वाढवली तरी ब्रेक ७५ पीएसचेच राहतात, टायरही तेच.

मग त्या गाडीचं आम्ही काय केलं?

पाचशे-हजार रुपयांना ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाईलवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' अ‍ॅप टाकायचं. टर्बोचा दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, रेलचा दाब, सगळं दिसतं. (असाच दिसणारा, 'लावताच ताकद आणि मायलेज वाढवतो' म्हणून विकला जाणारा दुसरा एक डोंगल असतो. जाणकारांनी तो उघडून पाहिला, तर आत फक्त दिवे लुकलुकवायची सोय होती. तो घेऊ नका.)

तो गाडी चालवत होता, मी शेजारी मोबाईल घेऊन. रिकामा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्यायला लावला. टर्बोनंतरच्या हवेचा दाब १७० किलोपास्कलच्या वर जाईना, दोनशेच्या पुढे जाईल अशी माझी अपेक्षा होती. बॉनेट उघडलं तर टर्बोकडून येणारा रबरी पाइप क्लॅम्पपाशी चिरलेला, भोवती तेलकट ओल. एअर फिल्टर तर खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ खाऊन विटकरी झाला होता. टायरमध्ये हवा २४. पाइप, फिल्टर, ऑइल, आणि ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ करणं, असा सगळा खर्च साडेसहा हजारांच्या आत झाला. नंतर त्याच ठिकाणी दाब २१० च्या वर गेला.

म्हणजे त्याच्या गाडीची ताकद पंच्याहत्तर नव्हतीच, साठ-पासष्ट असेल. अशा गाडीवर रीमॅप केला असता, तर ईसीयूने चिरलेल्या पाइपमधून आणखी हवा कोंबायचा प्रयत्न केला असता आणि टर्बो उगाच पळाला असता.

तरीही दोन हजार फेऱ्यांखालचा तो 'विचार' गेला नाही, आणि जाणारही नाही. तो टर्बो लॅग या इंजिनाच्या जन्मापासूनचा आहे. त्याला मी फक्त गिअर दाखवला. पन्नासच्या वेगात ट्रकच्या मागे चौथ्या गिअरमध्ये इंजिन १,५००-१,६०० वर असतं, टर्बो झोपलेला. तिसरा टाकला की तेच २,००० च्या वर जातं आणि १९० न्यूटन-मीटर हजर. ओव्हरटेक करायच्या आधी तिसरा टाक, ओव्हरटेक करताना नको. याला पैसे पडत नाहीत.

मग रीमॅप कोणीच करू नये का? ज्याची गाडी ९० पीएसची, व्हेरिएबल टर्बोवाली आहे, इंजिन तंदुरुस्त आहे, क्लच नवा आहे, आणि जो हौसेसाठी करतोय हे स्वतःशी कबूल करतो, त्याला मजा येते हे मी नाकारत नाही. मी अशा गाडीत बसलोय. दुसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटते. कायद्याची जोखीम त्याचीच. त्याने निदान मूळ फाईल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, आपल्याच गाडीचा डायनोवरचा आधीचा आणि नंतरचा आलेख मागावा, आणि धूर दिसला तर फाईल मऊ करून देणार का ते लिहून घ्यावं. यातल्या पहिल्याच मागणीला समोरचा चुळबुळ करू लागला तर चहा पिऊन निघावं. बीएस-६ गाडी असेल तर मात्र माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तिथे काजळी पकडणारा डीपीएफ असतो, रीमॅपने काजळी वाढली की तो तुंबतो, आणि मग 'डीपीएफच काढून टाकू' हा पुढचा सल्ला येतो.

मामेभावाच्या चार टाक्या आता झाल्यात. नोट्समधले आकडे त्याने परवा पाठवले: १९.१, २०.४, २०.२, २०.७. पहिली टाकी पाइप बदलायच्या आधीची. खाली लिहिलं होतं, "दादा, उरलेल्या पैशात मागचे दोन टायर टाकतो. पावसाळा येऊन राहिला."